उखळाला बांधलेला बैल

"ठोकू नको! मुळावर खुटा ठोकू नको बे!"

मोताळ्याच्या बाजारात एक म्हातारा माझ्यावर असा ओरडला, की मलकापूर स्टेशनातून सुटणारी गाडी तिथंच थबकली असणार. मला त्या दिवशी बैल विकायचा होता. कडुनिंबाखाली बांधला तरच गिऱ्हाईक सावलीला थांबून त्याचे दात पाहणार.

"काऊन नको, बाबा?"

म्हाताऱ्यानं ताप पाहावा तसा सालीवर हात ठेवला. तरुणपणी तो एका गोऱ्या साहेबाच्या शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी होता. थेट वेस्ट इंडीजच्या एका बेटापर्यंत गेलेला.

"तिथं पाण्याखाली पोवळ्याचं रान आहे. लंगर टाकला का ते रान मोडते. म्हणून राखणदार पाण्यावर रिकामं पिंप तरंगत ठेवते. बोट त्यालेच बांधा लागते."

बैलांसाठी त्यानं पिंपाऐवजी फुटकं दगडी उखळ ठेवलं होतं. तर्जनी ओली करून त्यानं वारा पाहिला, बोटीसारखं बैलाचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि दोराची गाठ उखळाला मारली.

वाऱ्याच्या बाजूला मिरचीवाले बसले होते. बैल दोनदा शिंकला आणि उखळासकट निघाला. बांगड्या, मडकी, तहसीलदाराची जीप, सगळं बाजूला झालं. उखळानं पाडलेल्या चरीत लोकांनी पुढं दोन वर्षं कांदे लावले.

बैल नळगंगा नदीत सापडला. पोटापर्यंत पाणी, उखळ तळाला, दोर ताणलेला, तोंड वाऱ्याकडे. गिऱ्हाईक एकही उरलं नव्हतं.

"आता याले कोण घेईन, बाबा?"

म्हाताऱ्यानं मागं वळून कडुनिंबाकडे पाहिलं.

"झाडाले काही झालं नाही," तो म्हणाला.