एका हाकेला ओ न देणारे घर

आमच्या वाडीत दिवेलागणीच्या सुमारास बाहेरून कुणी एकदाच हाक मारली, तर ओ द्यायची नाही असा नेम आहे. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो, तिसऱ्यांदाही मारतो. जे माणूस नव्हे ते एकदाच हाक मारते, आणि ओ मिळाली की त्या आवाजाच्या मागाने घरात शिरते, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. पाठशाळेत शास्त्रे शिकून परतल्यावरही हा नेम मी मोडला नाही. ज्या रानाच्या आश्रयाने आपण राहतो, त्या रानाचेही काही विधी असतात. ग्रंथात सापडत नाहीत म्हणून ते टाकून द्यावेत, असे मला कधी वाटले नाही.

कुंभारवाड्याकडून येणारा रस्ता संपला की पुढे पायवाट लागते आणि त्या पायवाटेच्या शेवटी आमचे घर. घरामागे उतार आहे आणि उताराच्या तळाशी सुप्याच्या धरणाचे पाणी. आमची जुनी वाडी त्या पाण्याखाली गेली. तिथे सटवाईचा एक दगड होता. बाळ जन्मले की बारशाआधी त्याला पहिल्यांदा उजेडात आणायचे ते त्या दगडापाशी. दगड पाण्यात गेला आणि तो रिवाजही गेला. उरले ते एवढेच की बारशापर्यंत बाळ बाहेर काढायचे नाही.

माझ्या सुनेला मुलगा झाला तेव्हा हिवाळा होता. ती रामनगरकडची. तिची आई हयात नसल्याने पहिले बाळंतपण आमच्याकडेच करायचे ठरले. दांडेलीच्या दवाखान्यात सुखरूप सुटका झाली आणि आई-बाळ घरी आले. माझ्या पत्नीने माजघरालगतची खोली बाळंतिणीला दिली. तिला एकच खिडकी, आणि तीही वारा लागू नये म्हणून गोणपाटाने बंद केलेली. आत तेलाचा दिवा, धुपाटण्यातला धूर, आणि हळद घालून कढवलेल्या तेलाचा वास. त्या तेलाने बाळाला सकाळ-संध्याकाळ चोळत असत.

पहिल्यांदा पाहायला आली ती आमच्याच भागातली जुनी नर्स, आशाताई. घरोघर जाऊन बाळे पाहण्याचे काम ती कित्येक वर्षे करीत होती. अंगणाच्या कडेला उभी राहून तिने रीतसर तीनदा हाक मारली, पायांवर पाणी घेतले आणि मगच आत आली. पिशवीतून काटा काढून तिने तो खोलीच्या आढ्याला अडकवला, त्याच्या आकड्याला कापडाची झोळी लावली आणि बाळाला तीत ठेवले. दिव्याच्या उजेडात ती झोळी हलके गोल फिरत होती, आणि भिंतीवर तिची सावली घराएवढी झाली होती. माझ्या पत्नीने तोंड फिरवले.

"पोर काय मिरची हाय व्हय, तोलून बघाया?" ती म्हणाली.

"मिरची असती तर तुमी मला आत तरी घेतलं असतं का, आत्या? दारातच पैसं दिलं असतं," आशाताई हसत म्हणाली. "वजन केलं म्हणून पोर आटत न्हाई. तुमचा लेक मीच तोलला हुता. आता बघा, दारात मावत न्हाई."

दारात उभा असलेला माझा मुलगाही हसला. जाताना तिने बाळाची पापणी वर करून पाहिली. "वाईच पिवळं वाटतंय. सकाळच्या उन्हात धरा. पुन्यांदा येतो, तवा बघू." सुनेने मान हलवली. आशाताई पायवाटेने दिसेनाशी झाल्यावर पत्नी म्हणाली, "हळदीचं पोर पिवळं न्हाई तर काय निळं दिसंल?" आणि गोणपाट होते तसेच राहिले.

आशाताई पुन्हा आली नाही. उतरणीवर घसरून तिचा पाय मोडला आणि तिच्या मुलीने तिला आपल्याकडे खानापूरला नेले. तिच्या जागी एक नवी नर्सबाई येणार असल्याचे मुलाच्या कानावर आले. ती विजापूरकडची होती. मराठी जेमतेम समजे आणि आमच्या चालीरीतींची तिला ओळख नव्हती.

त्या काळात घरात बाळंतपणाचे सोयेर असल्याने देवळातली माझी पूजा दुसऱ्याकडे होती. संध्याकाळी ज्या वेळी मी गाभाऱ्यात असायचो, त्या वेळी ओटीवर नुसता बसून राहत असे. हात रिकामे, आणि मंत्र म्हणायचा तो मनातल्या मनात. अशाच एका संध्याकाळी धुके इतके खाली आले होते की अंगणातले तुळशीवृंदावनही दिसेना. पायवाटेच्या बाजूने बाईचा आवाज आला.

"मगू नोडबेकू."

बाळ पाहायचे आहे. कानडी आम्हा सर्वांनाच येते. पण धुक्यातून आलेले ते शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मुलगा उठू लागला, तशी पत्नीने त्याचे मनगट धरले. आम्ही दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. कुत्रा पायवाटेकडे तोंड करून गुरगुरला आणि गप्प झाला.

"नर्सबाई असंल, आई," मुलगा म्हणाला.

"नर्सबाईला पाय न्हाईत? दारापातूर यायचं सोडून धुक्यात कशाला हुबी ऱ्हाती?"

एक-दोन दिवसांनी पुन्हा तसेच झाले. तीच वेळ, तोच आवाज, तेच शब्द, आणि एकदाच. त्या रात्री पत्नीने बाळाच्या उशाशी विळा ठेवला आणि मनगटात काळा दोरा बांधला. मी रक्षामंत्राचा जप वाढवला.

याच दिवसांत बाळ फार शहाण्यासारखे वागू लागले होते. रडत नसे. दूध पिता पिता झोपी जाई. "गुणाचं पोर हाय, आज्ज्यावर गेलंय," पत्नी म्हणे, आणि मला ते ऐकून बरे वाटे. सून मात्र दाराशी येऊन मला म्हणाली, "मामंजी, ह्यो नीट पीत न्हाई. उठवला तरी उठत न्हाई. त्या बाईला एकदा तरी घरात घ्या की."

"तू आत बस," पत्नी आतून म्हणाली. "बारसं होऊ दे."

मी सुनेकडे पाहिले. तिच्या डोळ्यांखाली काळे पडले होते. तिचे भय आमच्या भयाहून वेगळे होते. आम्ही बाहेरून काही आत येईल म्हणून भीत होतो. ती आतून काही निसटून जाईल म्हणून भीत होती.

पुढे एका दिवशी धुके नव्हते. सूर्य डोंगराआड जायला थोडा अवकाश होता, आणि मागच्या पाण्यावरून आलेला उजेड परसात पसरला होता. मी ओटीवर होतो, मुलगा गोठ्यात, पत्नी चुलीपाशी. हाक आली. या वेळी ती पायवाटेकडून आली नाही. घरामागच्या उताराकडून, जिथे वाट नाही आणि वस्तीही नाही, तिथून आली.

"पोर भाईर आण गं."

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. शब्द आमच्याच बोलीतले, आणि दटावणीही आपल्याच माणसाने करावी तशी. मी ताठरलो. पत्नीच्या हातातली पळी थांबलेली मला ओटीवरून दिसली. कुत्रा उठलासुद्धा नाही. पाहुणा ओळखीचा असावा तसे त्याने शेपूट हलवले.

आम्ही दुसऱ्या हाकेची वाट पाहत होतो. सुनेने पाहिली नाही. "ओ, आले," म्हणत ती बाळाला छातीशी धरून खोलीबाहेर आली. पत्नी आडवी आली. "आत्या, सरा," एवढेच सून म्हणाली. असा स्वर तिने आमच्या घरात त्याआधी कधी काढला नव्हता. पत्नी बाजूला झाली.

परसात कुणी नव्हते. सून उजेडात उभी राहिली आणि तिने बाळाच्या तोंडावरचे फडके काढले. मी मागोमाग पोहोचलो होतो. दिव्याच्या उजेडात जे तेलाहळदीचे तेज वाटत होते, ते तेज नव्हते. तिने पदर ओला करून बाळाचे कपाळ पुसले. हळद पदराला लागली, तरी कपाळ पिवळेच राहिले. तिने पापणी उघडली. डोळ्यांतला पांढरा भाग सोनचाफ्याच्या पाकळीसारखा होता.

"अहो," तिने गोठ्याकडे पाहून नवऱ्याला हाक मारली. "जीप बघा."

शेजारच्या जीपने आम्ही दांडेलीला पोहोचलो. डॉक्टरांनी बाळाला तपासले, रक्त घेतले आणि आम्हाला विचारले, "घरी कुणी पाहायला येत नव्हतं का?" मग बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला काचेच्या पेटीत निळ्या उजेडाखाली ठेवले. त्या उजेडात ते इवलेसे शरीर पाण्याच्या तळाशी असल्यासारखे दिसे. सून पेटीला हात लावून बसून राहिली. माझ्या पत्नीने तिच्यासाठी पेज आणली आणि स्वतःच्या हाताने भरवली.

बाळ रडले तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो. भुकेचे, चिडीचे, खणखणीत रडणे. मी हात जोडले.

तिथेच नर्सबाई भेटली. जेमतेम पंचविशीची मुलगी. बाळाचे कळल्यावर आपणहून आली होती आणि अपराधी चेहऱ्याने उभी होती. कानडीत म्हणाली, "अज्जा, मी आले होते. भटांचं घर, सोयेर आहे, आत शिरू नकोस असं मला सांगितलं होतं. म्हणून कुंपणाबाहेरूनच हाक मारली. कुणी बोललं नाही. मला वाटलं, तुम्हाला मी नको आहे."

"एकदाच हाक मारलीस?"

"किती वेळा मारायची?" ती बुचकळ्यात पडली.

तिने आमचा मान राखला होता, आम्ही रानाचा राखला होता, आणि मधल्या मध्ये पोर झिजत होते. मी तिला म्हणालो, "यापुढं हाक मारू नकोस, मुली. सरळ आत ये." मग थोडे थांबून विचारले, "आणि परवा? मागच्या उताराकडून?"

"परवा मी बाजारकुणंग गावात होते, अज्जा. तुमच्याकडं दोनदाच आले, दोन्ही वेळा पायवाटेनं. मागं तर पाणी आहे ना?"

होय, म्हणालो. मागे पाणी आहे.

वाडीवर परतल्यावर मी प्रत्येक घरी विचारले. त्या संध्याकाळी उताराकडे कुणी गेले नव्हते, कुणाचे जनावरही हरवले नव्हते. त्यानंतर मी विचारणे सोडले.

आता नातू धावतो. त्या खोलीच्या खिडकीवर गोणपाट नाही. नर्सबाई लसीकरणाचे सांगायला येते ती थेट चुलीपर्यंत, आणि माझी पत्नी तिला कानडीत चिडवते, "काटा आणलास की विसरलीस?" दिवेलागणीला कुणाचीही हाक आली की सून पहिल्याच हाकेला ओ देते. तिला कुणी अडवत नाही. पत्नीने मात्र मागच्या पडवीत, सटवाईचा दगड गेला त्या पाण्याच्या बाजूला, एक पणती लावायला सुरुवात केली आहे. कशासाठी, ते मी विचारलेले नाही आणि तिने सांगितलेले नाही.

पूजा आटोपून घरी आलो की मी त्या पणतीपाशी थोडा वेळ बसतो. खाली पाणी काळे होत जाते. इतकी वर्षे जो नेम पाळला, तो कानांतून जात नाही. मी अजूनही दुसऱ्या हाकेची वाट पाहतो. त्या बाजूने ती आजवर आलेली नाही.