न कापलेली कातडी

आमच्या सिंदीत अजूनही सांगतात, ‘टेलरनं कातर चालू दिली नाई, म्हनून पोरगं सुधरलं.’ तो टेलर मीच. दुकानात बसून मी हे खाली मान घालून ऐकत आलो. ते खरं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या मुलाचं लघवीचं छिद्र जन्मतःच टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला, मध्येच होतं. अवयव वाकलेला, आणि कातडी फक्त वरून, टोपरं घातल्यासारखी. लघवीला उभा राहिला की पाय भिजायचे, म्हणून तो बसायचा. पुढच्या वर्षी शाळा होती. सुट्टीत सगळी पोरं मागच्या भिंतीशी रांगेत उभी राहतात, ते त्याच्या आईला आतापासून दिसत होतं.

बाजारातला एक डॉक्टर म्हणाला, वरची जास्तीची कातडी काढून टाकू, सरळ होईल. मला पटलं. जास्तीचं कापायचं, हाच माझा धंदा.

बायको म्हणाली, “मी हात लावू देनार नाई.”

“तुले काय समजते त्यातलं?”

“मले नाई समजत. पन कापलेलं परत जुडत नाई, हे तं तुमीच गिऱ्हाइकाले सांगता.”

मी हसून सोडून दिलं. ठरलेल्या दिवशी सकाळी उठलो तर घरात दोघंही नव्हती. शेजारीण म्हणाली, वर्ध्याच्या गाडीत बसली. पुढची गाडी धरून मी त्यांना परत आणायलाच निघालो. डोकं तापलेलं होतं.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा मुलगा टेबलावर होता आणि सर्जन वाकून बघत होते. “बरं झालं, ही कातडी कोणी काढली नाही,” ते म्हणाले. “नवा मार्ग हिच्यातूनच करायचा आहे.” मग मला विचारलं, “काय करता?”

“टेलरिंग.”

“मग तुम्हाला लगेच समजेल.” त्यांनी माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक घेतलं. पोटात असताना हा मार्ग उघड्या पन्हाळीसारखा असतो, म्हणाले. कडा मागून पुढे जुळत येतात. याच्या मध्येच थांबल्या. त्यात कोणाचा दोष नाही. त्यांनी दुपट्ट्याच्या कडा बारीक नळीभोवती जुळवल्या, अगदी नाडीवर नेफा घालावा तशा. “जुळल्याची रेघ प्रत्येक पुरुषाच्या अवयवावर खालून राहते. तुमच्याही असेल.”

मग हसून म्हणाले, “टेलर आहात, म्हणूनच कापू दिलं नाही वाटतं.”

मी दुपट्टा परत खांद्यावर टाकला. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलाच्या सदऱ्याची बटणं लावू लागली.

दुसऱ्या दिवशी नळावर अंघोळ करताना मी ती रेघ पाहिली. मागून पुढे आलेली, कुठेही न चुकलेली. इतकी वर्षं मी लोकांच्या शिवणी तपासत होतो, आणि अशी शिवण अंगावर घेऊन हिंडत होतो. अंगावर पाणी घ्यायचंही विसरलो.

ऑपरेशनं दोन झाली. पहिल्यात वाक काढून वरची कातडी खाली आणली. ती मुरल्यावर, काही महिन्यांनी, तिचीच नळी केली. केसाहून बारीक टाके. मी भिंग घेऊनही तसे घालू शकलो नसतो. आतली रबरी नळी काढली त्या सकाळी सर्जननी त्याला मोरीत उभं केलं. बराच वेळ काहीच होईना. मग धार आली, टोकातून, सरळ, समोरच्या भिंतीवर. मुलानं धारेकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

“माय, पाय कोरडे हायेत.”

‘टेलर आहात, म्हणूनच’ हे सर्जनचं वाक्य गावात माझ्याआधी पोहोचलं होतं. मी ते खोडलं नाही. कितीतरी वर्षांनी बायकोला विचारलं, “तू काऊन सांगतलं नाई कोनाले?”

“पोरगं उभं राह्यलं ना?” ती म्हणाली. “मंग बाकीचं घेऊन काय करू?”

पुढे ती वारली. गेल्या महिन्यात मुलगा आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं आणि लिहू का, विचारलं. त्याचा मुलगा आता शाळेत जातो.

“लिहा, नाव नका टाकू,” तो म्हणाला. “पन मले हे मालूम होतं, बाबा. मायचा हात धरून टेसनावर मीच तं गेलतो.”