मांडीखालचा हात

१२ फेब्रुवारी १९७८, रविवार. शाळेचा फळा काळा करायला घेतला आहे. उद्या तपासणीला साहेब येणार. बॅटरीचे जुने सेल फोडून आतली काळी पूड काढली, घेवड्याचा पाला वाटून तिच्यात कालवला. पहिला हात देऊन झाला. तो वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि रिकामं बसणं मला जमत नाही — म्हणून हे लिहिते आहे. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढेही नाही, तिथे मी सासूबाईंच्या गुडघेदुखीपलीकडे काही बोलत नाही.

डोळे कोरडे आहेत, हे आधीच सांगून ठेवते. मला राग आला आहे.

तपासणीची आमच्याकडे एक रीत आहे. मी इथे लागले तेव्हा हेडगुरुजींनी पहिल्याच आठवड्यात शिकवली. साहेबांनी प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गाने हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाईंनी उजव्या हातवाल्याला उठवायचं. साहेबांना वर्गभर हातच हात दिसतात. शेरा चांगला मिळतो. "बाई, पोरांना काय येतं ते न्हाई बघायचं. साहेबाला काय दिसतं ते बघायचं," गुरुजी तंबाखू मळता मळता म्हणाले होते. मागच्या आठवड्यात हीच युक्ती मी नव्या सुनंदाबाईंना शिकवली — ऐटीत, जणू मीच शोधून काढलेली. त्यांनी विचारलं, "मग डाव्या हातवाल्यांचं नंतर काय करता?" मी म्हणाले, "नंतर म्हणजे कधी?" आणि आम्ही दोघी हसलो.

नंतर म्हणजे कधी. वा, बाई.

कौसल्या माझ्या दुसरीत होती, सात-आठ वर्षांपूर्वी. वस्तीतल्या किसनची थोरली मुलगी. किसन रोजाने शेतात जातो. पोरगी बोलायची कमी, पण बघायची अशी की फळ्यावर लिहिताना पाठीला जाणवायचं. तपासणी होऊन साहेब गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी हातच्याची वजाबाकी शिकवत होते, तर कौसल्याचा डावा हात वर. म्हटलं, साहेब गेले आता, खाली कर. ती म्हणाली, "न्हाई बाई. मला येत न्हाई म्हनून केला."

कळतंय का तुम्हाला? ती खूण आम्ही झाकण्यासाठी काढली होती. एका आठ वर्षांच्या पोरीने ती सांगण्यासाठी वापरली. आणि मास्तरणीला याहून जास्त काय हवं असतं — कुणाला कुठे अडलं आहे, एवढंच ना? मला नको होतं. दोन-तीन दिवसांत आणखी डावे हात वर यायला लागले.

तिचं अडलं होतं ते हे. बत्तीसातून सतरा वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या तिनाकडून एक घेतला आणि दोनाचे बारा झाले. कौसल्या म्हणाली, "बाई, एकच घेतला की. मंग दोनाचे तीन व्हायला पायजे. बारा कसे?"

मला उत्तर येत नव्हतं. मी ट्रेनिंग केलेली, पगार घेणारी — मला येत नव्हतं. मला जसं शिकवलं होतं तसं मी शिकवत होते: एक घ्यायचा आणि बारा म्हणायचं. येत नाही असं तोंडाने म्हणणं इतकं जड होतं का? त्या पोरीला तर जड गेलं नव्हतं.

मी तिला सांगितलं, डावा हात मांडीखाली दाबून बसायचं. त्या दिवसापुरतं नाही, रोज. हात बाहेर आला की छडी. तरटावर बसून हाताला मुंग्या यायच्या, ती हळूच अंग हलवायची, आणि मी — मला दिसायचं — मी छडी टेबलावर वाजवायचे. बाकीच्यांचे डावे हात न सांगताच खाली गेले. वर्ग शांत झाला. शांत वर्ग म्हणजे चांगली बाई. आमच्याकडे हेच माप आहे. हेडगुरुजींनी चार लोकांत माझं नाव घेतलं.

पाटलांची मुलगी त्याच वर्गात होती. तिने डावा हात वर केला असता तर मी तिलाही तो मांडीखाली दाबायला लावला असता का? नाही. हे मला आज कळलेलं नाही. तेव्हाही माहीत होतं.

कौसल्या नापास झाली. किसन विचारायला आला, चपला बाहेर काढून दारात उभा राहिला. मी म्हणाले, तिच्या डोक्यात शिरत नाही, उगाच साल घालवू नका. खोटं. धडधडीत खोटं — जे माझ्या डोक्यात शिरलेलं नव्हतं ते मी तिच्या माथी मारलं. तो म्हणाला, "बराबर सांगितलं बाई, उपकार झाले." ती आईबरोबर रोजाने जायला लागली.

पुढे अंबडला शिक्षकांच्या बैठकीत एका शिक्षिकेने तुरीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून आणल्या होत्या. तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या, म्हणजे बत्तीस. त्यातली एक जुडी सोडली, दहा काड्या सुट्या झाल्या, दोनांत मिसळल्या. बारा. एवढंच होतं ते. मी येऊन तशाच जुड्या केल्या, मुलांना चटकन आलं, माझी वाहवा झाली. कौसल्या तेव्हा डोक्यावर सरपण घेऊन शाळेवरून जायची. हाक मारली का? नाही. हाक मारली असती तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आज दुपारी किसन इथे शाळेत आला. बरोबर धाकटी, रंजना, सहा वर्षांची. तो म्हणाला, "बाई, थोरलीचं तुम्ही बराबर सांगितल्तं. आता हिचं बी बघा. डोकं नसल तर आत्ताच सांगा. तीर्थपुरीला मावशीकडं धाडतो, लेकरं सांभाळायला." तो बोलत होता तेवढ्यात पोरगी तरटावर जाऊन बसली आणि तिने डावा हात मांडीखाली घातला.

मी विचारलं, अशी का बसलीस?

"ताईनं सांगितलं. शाळेत असंच बसत्यात."

कौसल्याला गेल्या उन्हाळ्यात टेंभुर्णीला दिली. जाण्याआधी धाकटीला शाळेबद्दल जे सांगायचं ते सांगून गेली. माझी शिकवण तेवढी पक्की बसली होती.

मी किसनला म्हणाले, उद्या सांगते. एका सहा वर्षांच्या मुलीची शाळा माझ्या जिभेवर, आणि मी म्हणाले, उद्या.

राग कुणाचा येतो आहे? हेडगुरुजींचा येतो. हात बघून जाणाऱ्या साहेबांचा येतो. त्यांनी एकदा तरी डाव्या हाताला उठवायला हवं होतं. पण पोरीच्या हातावर मांडी ठेवायला त्यांच्यापैकी कुणी लावलं नव्हतं.

फळा वाळला. दुसरा हात द्यायला उठते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी मी वस्तीवर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. किसन ज्वारी काढायला निघाला होता, विळा हातात. उभ्याउभ्याच सांगितलं: कौसल्याचं डोकं चांगलं होतं. मला शिकवता येत नव्हतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. या मुलीला शाळेत घाला.

त्याने विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "तवाच का न्हाई बोलल्या?"

त्याने विळा उचलला.

"रंजीला घालतो जूनला," तो म्हणाला. "पन तुमच्यापाशी न्हाई." आणि वाटेला लागला.

शाळेत जाऊन हेडगुरुजींना सांगितलं, जूनपासून पहिली-दुसरी सुनंदाबाईंना द्या, मी वरचे वर्ग घेते. ते म्हणाले, "तपासणीच्या दिवशी हे काय काढलंत?" मग मी वर्गात गेले. मुलांना म्हणाले, आज डावा-उजवा बंद. येत असेल त्यानेच हात वर करायचा.

मागून एकाने विचारलं, "मंग साहेब रागवंल ना, बाई?"

"रागावतील," मी म्हणाले.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला. चार हात वर आले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हेडगुरुजींनी पाहिलं. बाकीच्या मुलांचे हात मांडीवर होते, सगळ्यांना दिसतील असे.