कात्री न लावणारा कवडू

मांडवात सतरंजी अंथरायची तर कवडूनेच, असं एकेकाळी सगळी कळमना वस्ती म्हणायची. त्याने झटकलेली सतरंजी वाऱ्यावर नदीसारखी उलगडायची आणि भुईवर टेकताना एक सुरकुती ठेवायची नाही. त्याला एकच गोष्ट वर्ज्य होती. बिछायतीला कात्री लावायची नाही. आजचं लग्न उरकलं की उद्या ती दुसऱ्याच्या दारी जाणार. जागा अपुरी पडली तर कडा आत दुमडायची, पण कापायची नाही. उस्ताद नत्थूजींनी हे शिकवलं होतं आणि कवडूने ते कुळाचारासारखं पाळलं होतं.

पुढे लग्नं गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये लागू लागली. सतरंज्यांच्या घड्यांवर धूळ बसली, तशी कवडूवरही. म्हणून धरमपेठेतल्या आनंदरावांनी जुन्या मोटारहोमचा गालिचा बदलायला बोलावलं, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं : हे काम साधलं तर गाड्यांत गालिचे बसवायचा नवा धंदा, नाहीतर भाच्याच्या पानठेल्यावर चुना लावत बसायचं.

मोटारहोम म्हणजे चाकांवरची खोली. पलंग, ओटा, कपाट, अगदी मागे संडास. आनंदरावांनी निवृत्तीनंतर हौसेने ती घेतली. पण आतल्या तपकिरी गालिच्याला आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा असा वास, की शामलाबाई पायरीवरूनच परत फिरायच्या.

"हा कुत्रा गेल्याबिगर मी पचमढीले येत नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कुत्रा कुठं हाय वं?"

"मंग वास का एकटाच आला?"

कवडूने सकाळी जुना गालिचा खरवडून काढला. गांधीबागेच्या बाजारातून निळा नवा आणला होता. टेप त्याने कधी हाती धरलाच नव्हता. मांडवाच्या सवयीने हातांनी माप घेतलं आणि वर सढळपणे जास्तीचं घेतलं. पुढच्या दारापासून चिकटवायचं सोल्युशन फासत तो मागे सरकत गेला. आनंदराव संडासातला नळ बघायला गेले होते. सोल्युशनचा वास नको म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

टोकाला गालिचा उरला. कवडूने तो तीनदा दुमडला, खाली सोल्युशन ओतलं, वर बसून गुडघ्यांनी दाबला. बरोबर संडासाच्या दारापुढे. आणि ते दार बाहेर उघडणारं होतं.

"कवडू, दार काहून अडून राहिलं गा?" आतून आवाज आला.

"जोर लावा जी!"

"जोर लावतो तं अजून फसते!"

कवडूने घडी ओढून पाहिली. उन्हाने गाडी तापलेली, सोल्युशनने दगडासारखी पकड घेतली होती. हाकाटी ऐकून शामलाबाई पायरीवर आल्या.

"काप तो गालिचा!"

"कापाचं म्हणू नका, बाई. आजवर बिछायतीले कात्री लावली नाही मी. थोडं थांबा, सोल्युशन ढिलं होईन."

"कधी?"

"पावसाळ्यात."

"शामला!" आतून आनंदराव ओरडले. "माहं भरीत होऊन राहिलं इथं!"

"ऐकलं? त्यांचं भरीत होऊन राहिलं, अन् तुले गालिच्याची पडली! हा का उद्या दुसऱ्याच्या लग्नात जाणार हाय?"

कवडू थबकला. खरंच, हा कुठे जाणार होता? त्याने अंथरलेलं सगळं जन्मभर सकाळी गुंडाळून परत गेलं होतं. हा एकटा राहणार होता. इथेच झिजणार, इथेच जुना होणार.

शामलाबाईंनी ब्लाउज शिवायची कात्री आणली. कवडूने ती कपाळाला लावली, गालिच्याला हात जोडले आणि कापलं. घडीचे वरचे पदर सुटले आणि दार उघडलं. आनंदराव घामाने न्हाऊन बाहेर आले.

"साहेब, चपला काढा, बिछायत हाय," कवडूच्या तोंडून निघून गेलं.

शामलाबाईंना असं हसू फुटलं, की त्या पोट धरून तिथेच गालिच्यावर बसल्या. गाडीच्या आत आपण कधी आलो, हे त्यांनाही कळलं नाही.

एकदा कात्री चालली, मग ती थांबली नाही. कपाटापाशी, ओट्यापाशी, पलंगाच्या खणापाशी कवडूने कडा अशा सफाईने कापल्या, की गालिचा तिथेच उगवल्यासारखा दिसू लागला. संध्याकाळी आनंदरावांनी सगळी दारं उघडून पाहिली. संडासाचं मात्र बाहेर उभं राहूनच.

"माह्या दोस्ताची बी अशीच गाडी हाय," ते म्हणाले. "वसंत नाव त्याचं. उद्या जाशील?"

"जातो न जी," कवडू म्हणाला. "फकत त्याइले सांगून ठेवा, काम चालू राहीन तवरिक कोणी संडासात जाऊ नका."