डावी बाजू वाचवत घातलेले दंडवत

देवी माझं काही वाकडं होऊ देणार नाही, याची मला इतकी खात्री होती की डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा मला काळजी देवीचीच वाटली. आता ही लोकांना तोंड कसं दाखवणार? रायपूरच्या आमच्या मराठी भजनी मंडळात पेटी माझी आणि पहिला सूरही माझा. अशा बाईला कॅन्सर होत नसतो, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मंडळातल्या थोरल्या काकूंनी तर निकालच दिला, "तुले काहून होईन वं? देवधर्म सोडलेल्या बायांचं दुखणं आहे ते."

मग मी अंगारा लावला, उपास धरले, दंडवतांचा नवस बोलले. गाठ वाढतच गेली. चैत्राच्या नवरात्रात गल्लीच्या तोंडापासून देवळापर्यंत दंडवत घालत निघाले. ओलं लुगडं, कपाळभर कुंकू. सदर बाजारातले लोक स्कूटर थांबवून मला हात जोडत होते. खरं सांगते, मजाही येत होती.

माझ्यामागून एक अनोळखी छत्तीसगढी बाई तसेच दंडवत घालत येत होती. अर्ध्या वाटेवर ती माझ्याजवळ सरकली. मी डावी बाजू जमिनीला टेकू न देता कलून पडते, हे तिनं मागून पाहिलं होतं. मला स्वतःला ते कळलंही नव्हतं. ती हळूच म्हणाली, "गाँठ हे का दीदी? महूँ अइसनेच सुतत रहेंव." तीही एकेकाळी अशीच एक बाजू वाचवून निजायची तर. आणि माझा हात धरून तिनं आपल्या पदराखाली ठेवला. तिथं एका बाजूला काहीच नव्हतं. "देवी कहूँ नइ जाय. पहिली डाक्टर ला देखा." देवी कुठं जात नाही, आधी डॉक्टरला दाखव.

मी उठले, लुगडं झटकलं आणि नवस तिथंच सोडून घरी आले.

पुढं तपासण्या, ऑपरेशन, केमो. गाठ लहान असताना आला असतात तर स्तन वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. अगदी साध्या आवाजात. काकू ओटी घेऊन भेटायला आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "नवस अर्धा सोडला ना तू, म्हणून देवीनं अर्धंच ठेवलं." मी इतकी हसले की टाके दुखले. रडले ते त्या गेल्यावर.

भजन मी अजून गाते. त्या बाईला देवीनंच पाठवलं असं मानते आणि रोज हात जोडते. शरण जाणं म्हणजे सांगितलेलं ऐकणं, एवढं मला त्या गल्लीत समजलं. पण देवीनं त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं, अंघोळीच्या वेळी, माझ्याच बोटांना. तेव्हा मी मोठ्यानं गात होते.