प्रयागबाईचे भाचे

प्रयागबाईला बहीण एकही नव्हती, भाचे मात्र गावभर! कारंज्याच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ती सरकी निवडायची. कापसाच्या हंगामात तिथं कुठकुठली तरणी पोरं यायची. ना घर ना दार, कापसाच्या गंजीआड निजायची. त्यातलं कोणी तापानं फणफणलं की बाई त्याला धर्मादाय दवाखान्यात न्यायची. दवाखाना फुकटचा खरा, पण रीत मोठी नामी होती. रोग्याची भाकर घरून यायला पाहिजे. भाकर आणणारं माणूस नाही, तर खाट नाही. आता ज्याला घरच नाही, त्यानं काय मरावं? म्हणून बाई कमरेवर हात ठेवून ठणकावायची, "माहा भाचा हाये. भाकर मी आणतो."

कंपौंडर फुलचंद सगळं समजून होता, पण कानाडोळा करायचा.

त्या साली माघात गफ्फार नावाच्या पोराचा हात जिनातल्या सरकी काढायच्या यंत्रात, रेच्यात, सापडला. दोन बोटं चेंदली, हात सुजला, वास मारायला लागला. पोरगं कोण, कुठलं, बाईला काही ठाऊक नव्हतं. तिनं त्याला सरळ उचलून दवाखान्यात आणलं आणि नाव विचारल्यावर ठोकून दिलं, "रामकिसन."

नेमकं तेव्हाच पोरगं कळवळलं, "या अल्ला! अम्मी!"

ओसरीवरची माणसं खो खो हसली. फुलचंद मात्र भडकला.

"प्रयागे, आतापावेतो मी गप राह्यलो. आता सारे पाहून राह्यले. मुसलमानाचं पोरगं तुहा भाचा कसा? भाचा म्हणतं त जेव त्याच्यासंग एका भाकरीत! नाईत ने याले."

खोटं उघडं पडलं याची लाज बाईला काडीची नव्हती. तो हात काळा पडत चालला होता, याचीच धास्ती होती. समोर तिचा दीर नानाजी डोळे वटारून उभा. जातीत त्याचा शब्द चालायचा.

बाई पायरीवर फतकल मारून बसली. दुपारच्या जेवणाचं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा गफ्फारच्या तोंडाशी धरला. त्यानं अर्धा खाल्ला. उरलेला उष्टा अर्धा तिनं सगळ्यांदेखत आपल्या तोंडात टाकला.

"झाला का भाचा? आता खाट दे, नाईत इथंच चूल मांडतो मी!"

फुलचंदानं खाट दिली. डॉक्टरानं दोन बोटं कापली. हात वाचला.

नानाजीनं आठवड्याच्या आत जातीची पंचायत बसवली. बाईचा पाणवठा बंद, लग्नकार्यात बोलावणं बंद. बाई लांबच्या ओढ्यावरून पाणी आणू लागली. एकदा नानाजीनं तिला वाटेत गाठलं.

"भोग आता! एका भिकारड्या पोरापायी जात गेली तुही."

डोक्यावर भरली घागर. बाई थांबलीसुद्धा नाही.

"गेली त जाऊ दे," ती म्हणाली. "पोराचा हात त राह्यला!"