पाण्यावरचे काळे चौकोन

आमचा टीम लीड पुण्याचा होता. मी चेन्नईतल्या मैलापूरची. आमच्या घरातलं मराठी तंजावरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेलं आणि तमिळच्या शेजारात वाढलेलं. लिहायचं मराठी मी पुस्तकं वाचून शिकले, पण बोलताना तोंडात घरचंच येतं. वेलचेरीतल्या आमच्या छोट्या गेम कंपनीत तो रुजू झाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मराठी बोलायला कोणीतरी मिळालं म्हणून.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हणाले, "ते काम मी उदईक करून देतें."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग खो खो हसला. "उदईक! अगं, उद्या म्हण. हे मराठी म्युझियममध्ये नेऊन ठेव."

मग त्याने तो विनोद इंग्रजीत सगळ्यांना समजावून सांगितला. तेव्हापासून ऑफिसात रखडलेल्या कुठल्याही कामाला 'उदईक' म्हणू लागले. ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं तेही म्हणायचे. माझ्या आईच्या तोंडचा शब्द रोज कॉफीच्या मशीनपाशी चेष्टेचा विषय व्हायचा आणि मी कप हातात धरून उभी असायचे. हसायचेसुद्धा. त्या हसण्याचा मला जास्त राग आहे.

आमचा गेम पुरात बुडालेल्या शहरातून होडी हाकण्याचा होता. त्यातलं पाणी लीडने एकट्याने लिहिलं होतं आणि हे तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचा. पाणी सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. संध्याकाळी दिव्यांचा उजेड त्यावर हलायला लागला की बघत बसावंसं वाटे.

माझं काम विंडोजसाठी केलेला तोच गेम लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवर चालवण्याचं. सगळं जमलं होतं, पाणी सोडून. घाटाजवळ होडी थांबवली की पाण्यावर एक काळा ठिपका यायचा. बघता बघता त्याचा चौकोन व्हायचा, एकाचे अनेक व्हायचे, आणि अर्धा पडदा काळा पडायचा. होडी हलवली की सगळं जागेवर.

मी लीडला दाखवलं. त्याने खुर्ची वळवायचेही कष्ट घेतले नाहीत.

"विंडोजवर दिसतं का?"

"नाही, सर. तुमच्या मशीनवर नाही दिसत."

"मग झालं तर. लिनक्सचा ड्रायव्हर गंडलाय. ड्रायव्हर बदल."

मी ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, बदलला. नवा टाकला, मग जुना टाकला. शेडर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम. मशीन ते तयार करून साठवून ठेवतं. तो साठा पुसून सगळे शेडर नव्याने करायला लावले. चौकोन होते तिथेच होते. मी पुन्हा त्याच्याकडे गेले, आणि नंतर आणखी एकदा गेले. त्या वेळी त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मराठी जुनं, मशीन जुनं, आता दोष माझ्या पाण्याचा!" लोक हसले. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने लिनक्सचं काम बंद करावं असं सुचवलं आणि मला मेनूची बटणं तपासायला बसवलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी ठरवलं. चूक शोधायची, पण दुरुस्त करण्यासाठी नाही. त्याच्या तोंडावर मारण्यासाठी.

बटणं तपासून झाली की मी गेमची एक फ्रेम पकडायचे. चित्र कसं कसं रंगत गेलं ते एका साधनात मागे मागे जाऊन पाहता येतं. चौकोन वाढत होते ते उजेड पसरवणाऱ्या शेवटच्या शेडरमुळे. तो शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. त्यातला एक नासका निघाला की भोवतीचे सगळे नासतात. आणि तो पहिला नासका ठिपका यायचा पाण्याच्या शेडरमधून. तिथे फेसासाठी एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची जागा, होतं. लाट उठली तर त्याला किंमत मिळत होती, पाणी शांत असेल तर काहीच नाही. अशा रिकाम्या जागेत प्रत्येक मशीन आपल्या मर्जीने काहीही वाचतं. लीडच्या मशीनवर तिथे शून्य यायचं, निव्वळ नशिबाने. माझ्याकडे कचरा यायचा.

मी खुर्चीत मागे टेकले. इतकं गोड मला बऱ्याच दिवसांत काही लागलं नव्हतं.

त्याच सुमारास कंपनीच्या मालकीणबाईंनी नवा लॅपटॉप घेतला. जुना ऑफिसात पाणी शिरलं तेव्हा गेला होता. तो लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. विंडोजच होतं, पण ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या जातीचं. मी त्यावर गेम टाकला, होडी घाटाला नेली आणि वाट पाहिली. काळा ठिपका आला. मी लॅपटॉप मिटला आणि मॅडमना नेऊन दिला. कोणाला काही बोलले नाही.

गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचे लोक बघायला आले त्या दुपारी लीड इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी म्हटलं, "सर, मॅडमच्या नव्या लॅपटॉपवर दाखवू या का? स्क्रीन फार छान आहे."

"गुड आयडिया," तो म्हणाला.

पाण्याबद्दल तो छान बोलला. बोलता बोलता त्याने होडी घाटाशी थांबवली, सगळ्यांना दिवे दिसावेत म्हणून. ठिपका आला. चौकोन झाला. पाहुण्यांपैकी एकाने चष्मा पुसला. लीडने माऊस हलवला, मग तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "ड्रायव्हर असेल."

"विंडोज आहे, सर," मी म्हणाले. "ड्रायव्हर कालच नवा टाकलाय."

मॅडमनी तमिळमध्ये विचारलं, "तुला माहीत आहे का हे काय आहे?"

मला माहीत होतं. मी उठले, शेडरची ती ओळ मोठ्या पडद्यावर आणली, आणि रिकाम्या जागी शून्य कसं द्यायचं ते सावकाश समजावलं. गरजेपेक्षा बरंच सावकाश. ओळ बदलून गेम पुन्हा सुरू केला. पाणी निर्मळ होतं. लीडचे कान लाल झाले होते आणि ते मी नीट पाहून घेतले.

पाहुणे गेल्यावर त्याने मला जिन्यात गाठलं. "आधी सांगता आलं नसतं?"

"सांगितलं होतं, सर. तुमच्या खुर्चीमागे उभं राहून."

"हे नव्हतं सांगितलंस."

"नाही," मी म्हणाले. "हे नव्हतं."

लिनक्सचं काम मला परत मिळालं. 'उदईक' हा शब्द ऑफिसातून आपोआप गेला. निदान माझ्यासमोर कोणी उच्चारला नाही. काही महिन्यांनी लीडने पुण्यातली नोकरी धरली. निरोपाच्या वेळी त्याने एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. कॉफी आणून देणाऱ्या बाईंचेही मानले. माझं नाव तेवढं वगळलं. खोलीतल्या सगळ्यांच्या ते लक्षात आलं. काहींनी अवघडून माझ्याकडे पाहिलं.

मला वाईट वाटेल असं त्याला वाटलं असावं. मला उलट समाधान वाटलं. इतके महिने झाले तरी त्याला अजून ठसठसत होतं. मी पुढे होऊन केकचा मोठासा तुकडा कापून घेतला आणि तो त्याच्यासमोर उभी राहूनच खाल्ला.